जुनी फाइल

पहिल्या सिझरची फाइल शोधायला आज सकाळी अख्खं कपाट उपसलं. डॉक्टरांना तीच हवी होती. पोटावरचा व्रण आडवा आहे म्हणून आतला, गर्भाशयावरचा छेदही आडवाच असेल असं नाही म्हणे! हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. चुरगळलेल्या कागदावर बोट फिरवत त्या म्हणाल्या, "खालचा आडवा छेद आहे. नॉर्मलचा प्रयत्न करता येईल."

असा प्रयत्न करणाऱ्या 100 जणींपैकी साधारण 70-75 जणींची नॉर्मल होते. कळा आपोआप सुरू झाल्या तर जुना व्रण उकलण्याचा धोका 200 मध्ये 1 च्या आसपास. कमीच. पण तो 1 डोक्यातून जात नाही. म्हणून बाळाचे ठोके सतत मशीनवर बघायचे, आणि लगेच सिझर करता येईल अशाच ठिकाणी जायचं. पुन्हा सिझर केलं तर तारीख हातात, पण पुढच्या खेपेला वार (प्लॅसेंटा) व्रणाला चिकटण्याची भीती वाढते.

सासूबाई म्हणतात, कशाला विषाची परीक्षा. आई म्हणते, बघ प्रयत्न करून. नवरा म्हणतो, "तू म्हणशील तसं." (मदत शून्य!)

36 व्या आठवड्यात सांगते म्हणाले. फाइल मात्र कपाटात परत ठेवली नाही, दवाखान्याच्या बॅगेत टाकली.