सोळा फुटी माणूस, आठवडा सहावा: पोट उलटं निघालं

चारही पाट्या कोरून झाल्या. रविवारी गच्चीवर पहिला कच्चा छाप काढला आणि तासभर आम्ही नुसते बघत बसलो.

नव्यांसाठी थोडक्यात: आम्ही चौघं मिळून एक माणूस पाट्यांवर कोरून कापडावर छापतोय. आठ बाय चारच्या एका एमडीएफचे (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचे) दोन बाय चार फुटांचे चार तुकडे पाडले. प्रत्येकाला एक भाग: डोकं, छाती, पोट आणि पाय (पाय माझ्याकडे). छपाईपर्यंत एकमेकांचं बघायचं नाही. हा खेळ १९२५च्या सुमारास पॅरिसमध्ये ५४, र्यू द्यू शातो या घरात ब्रेतों, तांगी, प्रेव्हेर या अतिवास्तववादी (सर्रिअलिस्ट) लेखक-चित्रकार मंडळींनी सुरू केला, आधी शब्दांचा, मग चित्रांचा. ‘उत्कृष्ट प्रेत नवी वाइन पिईल’ हे त्यातून निघालेलं वाक्य, तेच खेळाचं नाव झालं. ते कागद दुमडून खेळायचे. पाटी काही दुमडत नाही, म्हणून आम्ही प्रत्येक सांध्यावर डावीकडून ७ आणि ११ इंचांवर खुणा केल्या. अंगाच्या रेषा तिथेच येऊन थांबायच्या. सगळे सांधे सारखे, म्हणजे पुढेमागे तुकडे अदलाबदल करता येतील.

कोरण्याआधी लाखेच्या पॉलिशचे दोन हात दिले होते. ते देऊनही एमडीएफच्या कडा शाई पितात, तिथे तिसरा हात हवाच होता. मांजरपाट मात्र दोनदा धुऊन खळ घालवली, त्यामुळे काळा छान बसला. पाटीवर कापड, कापडावर घोंगडी, त्यावर प्लायवुड, आणि प्लायवुडवर आम्ही चौघं मोजे घालून नाचलो. खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या, ‘लग्न आहे का रे कुणाचं?’ म्हणून.

कापड उचललं तर छाती-डोकं जुळलेलं, पण पोट दोन्ही बाजूंनी सरकलेलं. कारण सापडायला वेळ लागला. छापात सगळं आरशातल्यासारखं उलटं येतं. आम्ही तिघांनी थेट पाटीवर काढलं होतं. पोटवालीने कुकर काढला होता, त्यावर ‘३ लिटर’ असं लिहिलेलं. अक्षरं छापात सुलटी यावीत म्हणून तिने कागद पालथा घालून गिरवलं. अक्षरं सुलटी आली, पण ७ आणि ११च्या खुणा १७ आणि १३वर गेल्या.

पुन्हा कोरायचं म्हणजे आणखी तीन आठवडे. ती वैतागून पाटी भिंतीला टेकवायला गेली आणि चुकून वरची बाजू खाली अशी ठेवली. टेप लावून पाहिली (पाटी २४ इंच रुंद): २४ वजा १७, सात. २४ वजा १३, अकरा. दोन्ही सांधे अचूक!

आता कुकर शिट्टी खाली करून लटकतो आणि ‘३ लिटर’ वाचायला शीर्षासन करावं लागतं. छातीवाल्याला अजून हे पटलेलं नाही. त्याच्या मते पाटी पुन्हा कोरायलाच हवी. तीन विरुद्ध एक.

पुढच्या रविवारी माझी पाटी पुन्हा शाईत: डाव्या गुडघ्याशी पटाशी खोल गेलीय, तिथे पुटी भरून घासायचं आहे. नाचून दाब सारखा पडत नाही, कडेला राखाडी राहतं. कुणी रोड रोलरने छाप काढला असेल तर सांगा, पाटीखाली काय अंथरलं होतं?