यरुशलेममधली क्रुसाची वाट

आमच्या वसईच्या चर्चमध्ये प्रायश्चित्त काळात दर शुक्रवारी क्रुसाची वाट असते, म्हणजे येशूच्या मरणवाटेवरच्या चौदा प्रसंगांपाशी, ‘स्थानां’पाशी, थांबत केलेली प्रार्थना. लहानपणापासून ती केली, तरी पहिलं स्थान मला खुपत राहिलं. त्यात रोमी सुभेदार पिलात निरपराध येशूला मरणाची शिक्षा सुनावतो. मग दुष्टाईचा न्याय झाला, ती हरली, असं आपण कशाच्या बळावर म्हणतो?

येशू क्रूस घेऊन ज्या वाटेने गेला असं मानतात, त्या यरुशलेमच्या व्हिया दोलोरोसावर हा प्रश्न घेऊनच चाललो. शुक्रवारी दुपारी फ्रान्सिस्कन फादर प्रार्थना म्हणत पुढे जातात, मागे यात्रेकरू. सुरुवात सिंहद्वाराजवळच्या एका शाळेच्या अंगणातून. पिलाताचं न्यायासन खरं तर शहराच्या पश्चिमेला, हेरोदाच्या राजवाड्यात असावं, असं बरेच अभ्यासक म्हणतात. आजची वाट यात्रेकरूंच्या भक्तीतून शतकानुशतकं ठरत गेली. माझ्या प्रार्थनेत त्याने काही उणं आलं नाही.

वाट बरीचशी बाजारातून जाते. मसाल्यांची पोती, लटकवलेल्या शाली, वाट काढणाऱ्या हातगाड्या, कोपऱ्याकोपऱ्यावर बंदुका घेतलेले तरुण सैनिक. पाचव्या स्थानी, जिथे कुरेनेकर शिमोनाने क्रूस उचलला, भिंतीत एक दगड आहे. येणारा प्रत्येकजण त्यावर तळवा टेकवतो. इतक्या तळव्यांनी तो खोलगट आणि गुळगुळीत झालाय. मीही हात ठेवला.

तिथून चढ लागतो, आणि त्या चढावर मला प्रेषित पौल आठवला. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की देवाने क्रुसावर सत्ता आणि अधिकारी, म्हणजे दुष्ट शक्ती, यांना निःशस्त्र करून त्यांची उघड धिंड काढली. रोमी सेनापती जिंकून आला की हरलेल्यांना बेड्या घालून रस्त्यातून फिरवत, तेच हे चित्र. म्हणजे लोकांना या मिरवणुकीत कैदी दिसला येशू. पौलाला कैदी दिसली ती दुष्टाई. निरपराधाला मारून तिने स्वतःचाच गुन्हा शाबीत केला. मरणापूर्वी येशू म्हणालाच होता, आता या जगाचा न्याय होत आहे.

आमच्यातल्या एका मावशींनी सैनिकांकडे बघत विचारलं, "फादर, सैतान हरला म्हणता, मग हे सगळं अजून का?"

फादर म्हणाले, "मावशी, जमिनीच्या दाव्याचा निकाल लागला म्हणून ताबा लगेच मिळतो का? कब्जा करून बसलेला जाता जाता जास्तच त्रास देतो. पण या निकालावर अपील नाही. प्रभू परत येईल तेव्हा ताबा."

मावशींचा गेल्या वर्षी गेलेला मुलगा मला माहीत होता, म्हणून हे उत्तर त्यांना पुरलं असं मी म्हणणार नाही. पण त्या पुढे चालत राहिल्या.

शेवटची पाच स्थानं पवित्र कबरेच्या चर्चमध्ये आहेत. पूर्वेकडचे ख्रिस्ती त्याला पुनरुत्थानाचं चर्च म्हणतात, आणि मला तेच नाव खरं वाटतं. वर कालवरीच्या, म्हणजे येशूला क्रुसावर दिलं त्या जागेच्या, वेदीपाशी मोठी रांग असते. तिच्या बरोबर खाली आदामाचं छोटं चॅपल आहे, तिथे मात्र थोडेच जण वळतात. काचेआड कालवरीचा तडकलेला खडक दिसतो. पहिल्या माणसाची कवटी इथे होती आणि ख्रिस्ताचं रक्त या भेगेतून तिच्यावर उतरलं, अशी जुनी परंपरा आहे. म्हणजे मुक्तीची सुरुवात अगदी पहिल्या पापापासून. तुम्ही गेलात, तर वरची रांग संपल्यावर लगेच बाहेर पडू नका, खालीही जा.