पेस्लिपमधून दिसलेला डिफेन्समन

माझं काम पगाराचं. ऐरोलीच्या ऑफिसात बसून आम्ही कॅनडातल्या एका क्लायंटचं पेरोल चालवतो, त्यामुळे संध्याकाळी साडेसहाला लॉगिन आणि पहाटे साडेतीनला कॅब. नवऱ्याला ही वेळ अजून पचलेली नाही, ईएमआयला पचली आहे. क्लायंटबरोबर कॉल असला की पहिली पाच मिनिटं हॉकीवर जायची आणि इकडे आम्ही सगळे म्यूटवर. त्या पाच मिनिटांत आपल्यालाही दोन वाक्यं टाकता यावीत म्हणून मी आईस हॉकी बघायला लागले. पुढे तिकडची ती माणसं नोकऱ्या सोडून गेली, हॉकी माझ्याकडे राहिली.

वेळ तशी सोयीचीच आहे. डेट्रॉईटला संध्याकाळी सातचा सामना म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. कॅब विटाव्याच्या पुलाखालून निघून कळवा, कोर्ट नाका करत नौपाड्यात सोडते. अंघोळ, चहा उरकेपर्यंत सामना सुरू झालेला असतो.

लोकांचा जीव गोल करणाऱ्यांवर. माझा अडकला एका डिफेन्समनवर, म्हणजे बचावपटूवर, आणि तोही आधी त्याच्या कॉन्ट्रॅक्टमुळे. नाव मोरिट्झ सायडर, जर्मन, जन्म ६ एप्रिल २००१. जर्मनी म्हटल्यावर आपल्याला फुटबॉल आठवतो, आणि तिथेही साधारण तसंच आहे. हा मुलगा लहानपणी एरफुर्टमध्ये खेळायला लागला, मग मानहाइमच्या अकादमीत गेला आणि १७ व्या वर्षी आडलर मानहाइमच्या मोठ्या संघातून पुरुषांमध्ये खेळत होता. २०१९ मध्ये त्या संघाने जर्मन लीग जिंकली.

त्याच वर्षी जूनमध्ये व्हँकुव्हरला नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे एनएचएलचा ड्राफ्ट झाला. आयपीएलच्या लिलावासारखं इथे काही नसतं. बोली नाही, मुलाला निवड नाही. क्लब क्रमाने नावं घेतात आणि ज्याने नाव घेतलं त्याच्याकडे तुमचे हक्क. डेट्रॉईट रेड विंग्सने सहाव्या क्रमांकावर सायडरचं नाव घेतलं. जाणकारांच्या याद्यांमध्ये तो बराच खाली होता, आणि कॅमेरा त्याच्यावर गेला तेव्हा त्याचा स्वतःचाच जबडा खाली आलेला दिसतो. ती क्लिप शोधून बघा. परीक्षेचा निकाल चुकून दुसऱ्याचा हातात पडल्यावर जसं इकडेतिकडे बघतो माणूस, तसा तो बघतोय.

माझी खरी गंमत इथून सुरू होते.

ड्राफ्ट झालेल्या १८ वर्षांच्या मुलाशी क्लब तीन वर्षांचा एन्ट्री-लेव्हल करार करतो. पगाराला वरची मर्यादा असते. २०१९ च्या मुलांसाठी ती वर्षाला ९ लाख २५ हजार डॉलर होती, कामगिरीचे बोनस वेगळे. आकडा ऐकून डोळे फिरतात, पण हा करार टू-वे असतो. एकाच कागदावर दोन पगार. एनएचएलमध्ये असाल त्या दिवसांचा वरचा, आणि खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे एएचएलमध्ये, असाल त्या दिवसांचा खालचा. खालचा आकडा ड्राफ्टच्या वर्षाप्रमाणे साधारण ७० ते ८५ हजार डॉलरच्या आत.

आणि दिवसांचा म्हणजे अक्षरशः दिवसांचा. २०२५-२६ च्या हंगामात एनएचएलचा किमान पगार वर्षाला ७ लाख ७५ हजार डॉलर. हंगाम १९० दिवसांच्या आसपास धरा, दिवसाला चार हजार पडतात. खाली तोच मुलगा त्याच दिवशी चारशेच्या घरात. वरच्या कोणाचा गुडघा गेला म्हणून मंगळवारी फोन येतो, मुलगा बॅग भरून धावतो, तीन दिवस वरचा दर मिळतो, शुक्रवारी परत. कित्येक वर्षं क्लब याहून पुढची हुशारी करत होते: सामना नसलेल्या दिवशी मुलाला फक्त कागदोपत्री खाली पाठवायचं. मुलगा हॉटेलच्या त्याच खोलीत, पण पगारपत्रकात तो दुसऱ्या गावी. आमच्याकडे असं कोणी केलं तर ऑडिटवाले आठवडाभर चहा प्यायला बसतील.

अजून एक कलम आहे, ते वाचल्यावर मी ऑफिसात दोघांना वाचून दाखवलं. मुलगा १८ किंवा १९ वर्षांचा असेल आणि हंगामात एनएचएलचे १० सामनेसुद्धा खेळला नसेल, तर ते वर्ष करारात धरत नाहीत. करार सरळ एक वर्ष पुढे सरकतो. म्हणजे खालच्या लीगमधलं तुमचं वर्ष क्लबच्या घड्याळात झालंच नाही. सायडरचा करार असा एकदा नाही, लागोपाठ दोनदा सरकला. २०१९-२० तो डेट्रॉईटच्याच मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्सला एएचएलमध्ये खेळला. कोव्हिडने तो हंगाम मार्चमध्ये बंद पाडला. पुढच्या वर्षी अमेरिकेत काही सुरू होण्याची चिन्हं दिसेनात तेव्हा क्लबने त्याला आधी मानहाइमला परत दिलं, तिथेही लीग लांबली, मग स्वीडनच्या रोगले संघाला. त्या हंगामात तो स्वीडिश लीगचा सर्वोत्तम डिफेन्समन ठरला आणि रोगले अंतिम फेरीपर्यंत गेला. २०२१ च्या जागतिक स्पर्धेतही सर्वोत्तम डिफेन्समन तोच. एवढं सगळं झालं आणि एन्ट्री-लेव्हल कराराचं पहिलं वर्ष अजून सुरूच व्हायचं होतं!

मला आधी हा शुद्ध अन्याय वाटायचा. आता पूर्ण तसं वाटत नाही. आयटीतल्या मंडळींना बेंच माहीत आहे, बिनकामाचा पगार आणि पोटात गोळा. एएचएल याच्या बरोबर उलट. हंगामाचे ७२ सामने, बरेच शनिवार-रविवारी पाठोपाठ, आणि तिथे तुम्हाला भरपूर खेळायला मिळतं. आजच्या एनएचएल खेळाडूंपैकी जवळपास ९० टक्के त्याच लीगमधून वर आले आहेत. फॉरवर्डने पक, म्हणजे चेंडूच्या जागी असलेली चकती, घालवला तर मागे दोन डिफेन्समन असतात. डिफेन्समनने घालवला तर मागे फक्त गोलकीपर. म्हणून प्रशिक्षक १९ वर्षांच्या मुलाला शेवटची दोन मिनिटं देत नाहीत, आणि ती दिली नाहीत तर मुलगा शिकणार कुठे? म्हणून खाली पाठवतात. पटतं. फक्त ते वर्ष घड्याळात धरा की.

सगळ्यांनाच ही वाट लागते असंही नाही. केल मकार कॉलेजातून थेट २०१९ च्या प्लेऑफमध्ये उतरला आणि पहिल्याच सामन्यात गोल करून बसला. लेन हटसन बुटका म्हणून २०२२ च्या ड्राफ्टमध्ये ६२ व्या क्रमांकापर्यंत कोणी घेतला नाही. २०२४-२५ च्या पहिल्या पूर्ण हंगामात त्याने ६० गोल सहकाऱ्यांना रचून दिले. दुसरं टोक मॅकेन्झी वीगर. २०१३ मध्ये सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत २०६ वा. एएचएलच्याही खालच्या ईसीएचएलमध्ये खेळून आला, जम बसायला २०१७-१८ उजाडलं, आणि २०२२ मध्ये कॅल्गरीने त्याला आठ वर्षांचे पाच कोटी डॉलर दिले. मधल्या काळात त्याच्या घरचे चुलतभावाच्या लग्नात लोकांना काय सांगत असतील, हे मला आपल्याकडच्या अनुभवावरून चांगलं माहीत आहे.

सायडर २०२१ च्या ऑक्टोबरात एकदाचा डेट्रॉईटसाठी उतरला. पहिल्या हंगामात ८२ पैकी ८२ सामने, ७ गोल, ४३ असिस्ट, आणि नवोदितांची काल्डर ट्रॉफी. डेट्रॉईटच्या खेळाडूला ती याआधी १९६५ साली मिळाली होती. पहिल्या चार हंगामांत त्याने एकही सामना चुकवला नाही. ३२८ हजेऱ्या, शून्य रजा. आमच्या सिस्टीममध्ये असं रेकॉर्ड दिसलं तर मी आधी डेटा तपासेन. मध्ये २०२३ ला जर्मनीबरोबर जागतिक रौप्यही झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये नवा करार: सात वर्षं, वर्षाला ८५ लाख ५० हजार डॉलर. बातमीत सगळ्यांनी एवढंच वाचलं.

माझा भाचा आता सहावीत आहे. घोडबंदर रोडला त्यांच्या सोसायटीच्या पोडियमवर स्केटिंगचा क्लास चालतो आणि तो तिथल्या खांबांमधून भन्नाट पळतो. शनिवारी मुक्कामाला असला की रविवारी पहाटे माझ्याबरोबर उठून बसतो, खारी कुरतडत. एकदा त्याने विचारलं, "मावशी, हा सारखा उलटा का पळतो?"

मग आम्ही दोघांनी त्या सामन्यात पककडे बघणंच सोडून दिलं, फक्त सायडर. समोरचा खेळाडू सुसाट येतोय आणि हा त्याच्याकडे तोंड करून मागे मागे जातोय. मधलं अंतर स्टिकच्या लांबीएवढं. अंतर वाढलं तर समोरच्याला शॉट मिळतो, कमी झालं तर तो वळसा घालून निघून जातो. एका हातातली स्टिक पुढे पसरलेली, पकच्या वाटेत, म्हणजे मधला रस्ता बंद. नजर मात्र पकवर नाही, समोरच्याच्या छातीवर. हात हुलकावणी देतात, डोकं देतं, छातीला फसवता येत नाही. हळूहळू समोरचा कडेला, फळ्यांकडे ढकलला जातो, आणि जागा संपली की सायडरचा खांदा येतो. एक मीटर नव्वद सेंटीमीटरांहून उंच माणसाचा खांदा. आवाज टीव्हीतूनही पोटात जातो. त्यानंतरचं मला जास्त आवडतं: पक मोकळा झाला की मान वर करून पहिला पास, सरळ, पळत्या सहकाऱ्याच्या स्टिकवर. स्कोअरकार्डात यातलं काहीच येत नाही.

दुपारी भाचा पोडियमवर उलटा पळायला गेला आणि एका काकांच्या ॲक्टिव्हाला मागून भेटला. वॉचमनची शिट्टी, सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, ताईचा मला फोन.

त्या फोनमध्येच ताईने तो प्रश्न विचारला: "यात करिअर आहे का गं?" तिच्याशी मी खोटं बोलत नाही. ठाणे-नवी मुंबईत पूर्ण मापाची बर्फाची रिंक नाही. मॉलमधल्या बर्फावर फोटो निघतात, रिंकचे भाग पाडणारी ब्लू लाईन आखता येत नाही. आपल्या देशात हा खेळ म्हणजे मुख्यतः लडाख, थिजलेली तळी आणि थोडेच महिने. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी मोठी बंदिस्त रिंक बांधली आणि ती वर्षानुवर्षं बंद पडून होती. एवढ्या भांडवलावर आपल्या मुलींनी २०२५ च्या आशिया चषकात कांस्य आणलं, त्या संघात बहुतेक लडाखच्या मुली. त्यांची पेस्लिप काढायला मला आवडेल, पण काढायला काही असायला हवं ना.

पण इनलाइन हॉकी आहे, चाकांवरची, आणि रोलर स्केटिंग फेडरेशन तिच्या राष्ट्रीय स्पर्धा घेते. ते मी ताईला सांगितलं. शिवाय भाचा स्टिक उजव्या बाजूला धरतो. आपल्या मैदानी हॉकीत डावी स्टिक नियमातच नाही, त्यामुळे सगळे एकाच बाजूचे. आईस हॉकीत दोन्ही चालतात, बहुतेक डाव्या बाजूने खेळतात आणि उजव्या बाजूचे डिफेन्समन कमी पडतात. क्लब त्यांना शोधत फिरतात. सायडर उजवाच. ताई म्हणाली, "म्हणजे आहे करिअर." मी म्हटलं, अगं, मी फक्त कोणती बाजू ते सांगितलं.

तिने त्याला इनलाइन स्केट्स घेऊन दिले आहेत, एक नंबर मोठे, म्हणजे पुढच्या वर्षीही चालतील. स्केट्स मोठे घेऊ नयेत, घोट्याला आधार राहत नाही, हे सांगून झालं. दुकानदाराचं तिने जास्त ऐकलं. गंमत म्हणजे एवढ्या कामाच्या सायडरच्या पहिल्या चार हंगामांत डेट्रॉईट एकदाही प्लेऑफमध्ये गेलं नाही, आणि त्यावर भाचा माझ्यापेक्षा जास्त चिडतो. सायडरचा करार २०३१ च्या उन्हाळ्यात संपेल, तेव्हा तो तिशीचा आणि हा बारावीत. ताईच्या मते तेव्हा भाच्याने फक्त क्लासला जावं. सायडरला किती मिळावेत याचं माझं एक्सेल तयार आहे.