मारुती ८०० चं ऑईल लीकेज: सापडलं एकदाचं

मागच्या अपडेटला लिहिलं होतं ना, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जॉइंटखाली थेंब पडतायत, रात्रभरात पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग. गाडी १९९७ ची, कार्ब्युरेटरवाली, बाबांनी नवी कोरी घेतलेली, त्यामुळे जीव अडकलाय तिच्यात. दोन गॅरेजवाल्यांनी वाकून बघितलं आणि दोघांचं एकच, क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं ऑईल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मला पटेना, कारण ऑईल वरून ओघळत येतं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे पसरतं, थेंब लटकतो तिथेच लीक असेल असं काही नाही.

आधी वास घेतला. गिअर ऑईलला गंधकासारखा उग्र वास येतो, तो नव्हता, म्हणजे इंजिनचंच. शनिवारी डिस्ट्रिब्युटरला (स्पार्क प्लगना करंट वाटणारा भाग) पाणी जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकची पिशवी बांधून इंजिन डिग्रीझर आणि ब्रशने घासून धुतलं, उन्हात वाळवलं आणि टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) कडेपासून बेल हाउसिंगपर्यंत (गिअरबॉक्सचा इंजिनला जोडलेला भाग) टाल्कम पावडर मारली, म्हणजे ऑईल जिथून येतं तिथे रेघ उमटते. जागेवर वीस मिनिटं चालू ठेवली तर काहीच नाही, पावडर पांढरीशुभ्र. मग यवतेश्वर घाट चढवून आणली, कारण ऑईल तापून पातळ झाल्याशिवाय आणि इंजिनवर लोड आल्याशिवाय असले बारीक लीक दिसतच नाहीत.

घरी येऊन टॉर्च मारला आणि दिसलं! आगकाडीएवढी जाड, काळ्या कॉफीच्या रंगाची रेघ, सुरुवात बरोबर डिस्ट्रिब्युटरच्या बुडापासून आणि तिथून सरळ खाली बेल हाउसिंगवर. तिच्या वर सगळं कोरडं, टॅपेट कव्हरपण. इतका आनंद झाला की बाबांना हाक मारून दाखवलं.

डिस्ट्रिब्युटर काढायच्या आधी त्याच्या बॉडीवर आणि इंजिनच्या हेडवर पेंटची खूण करा, रोटरचं (आतल्या फिरत्या तुकड्याचं) तोंड कुठे आहे त्याचा फोटो घ्या, नाहीतर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, गेलंच समजा. आतली ओ-रिंग (ऑईल अडवणारी गोल रबरी रिंग) प्लॅस्टिकसारखी कडक झालेली, नख रुतेना, जरा वाकवली तर तुकडाच पडला. नवीन बसवली, ऑईलचं बोट लावून. काहीजण वरून सिलिकॉन फासतात, ते मला अजिबात आवडत नाही, आत सुटलेला तुकडा स्ट्रेनरवर (ऑईल पंपाच्या जाळीवर) जाऊन बसला तर ऑईलची वाटच अडते.

आणि ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनच्या आतला वायू बाहेर सोडणारी नळी, नक्की बघा. माझा आतून काळ्या चिकट गाळाने जवळजवळ बुजलेला, मग क्रँककेसमधलं (इंजिनच्या खालच्या पोकळीतलं) प्रेशर बाहेर पडणार कुठून, ते ऑईलला सगळ्यात कमजोर सीलमधून ढकलतं. रॉकेलने साफ केला. नुसती ओ-रिंग बदलून थांबलो असतो तर काही महिन्यांत परत तेच झालं असतं.

टायमिंग लाइटने चेक करून घेतलं, ३०० किमी झाले, जॉइंटखालचा पुठ्ठा कोरडा. फक्त चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीच्या) पॅकिंगला एका कोपऱ्यात किंचित ओल दिसतेय, येत्या रविवारी तिथे पावडर.