बाळाचा ईईजी: पंधरा मिनिटांचा हिशेब

सात-आठ महिन्यांच्या बाळाच्या मेंदूलहरी (ईईजी) नोंदवायच्या तर कामाचा वेळ मिळतो दहा ते पंधरा मिनिटं. पुढे बाळ टोपी ओढतं, कुरकुरतं आणि शेवटी भोकाड पसरतं. म्हणून या प्रयोगाची आखणी शेवटाकडून करावी. किती ट्रायल्स (एकदा स्वर ऐकवून किंवा चित्र दाखवून घेतलेली नोंद म्हणजे एक ट्रायल) हाती राहायला हव्यात ते आधी ठरवा, मग प्रश्न किती मोठा विचारायचा ते.

आवाजाचा प्रयोग त्यातल्या त्यात सोपा. 1000 हर्ट्झचा एकच स्वर पुन्हा पुन्हा ऐकवायचा आणि मधूनच 1200 हर्ट्झचा सोडायचा. वेगळा स्वर 15 टक्के आणि दर 700 मिलिसेकंदांनी एक स्वर धरला तर 600 स्वरांना 7 मिनिटं लागतात आणि वेगळे स्वर मिळतात 90. हालचालीत निम्मे गेले तरी 45 उरतात. शिवाय बाळ झोपलं तरी नोंद घेता येते, फक्त जागं आणि झोपलेलं यांची सरमिसळ करायची नाही.

चित्रांचं गणित कडक असतं, कारण बाळाने पडद्याकडे बघायला हवं. ते लक्ष देऊन बघतं चारेक मिनिटं. एका ट्रायलला दोन सेकंद धरले तर झाल्या 120. चार प्रकारची चित्रं ठेवली तर प्रत्येकी 30, आणि हालचाल, नजर वळणं वजा केलं की उरतात दहा-बारा. त्यातून स्वच्छ सरासरी निघत नाही. दोनच प्रकार ठेवा. तरीही निम्म्याच्या आसपास मुलांची नोंद बाद होते हे गृहीत धरून मुलांची संख्या ठरवा.

आता टोपी. आधी डोक्याचा घेर मोजून माप निवडा, कारण सैल टोपी दोन मिनिटांत सरकते. मग नाकाच्या मुळाच्या खळग्यापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत टेप धरा. एका कानापुढच्या खळग्यापासून दुसऱ्यापर्यंतही धरा. दोन्ही मध्यबिंदू जिथे मिळतात तिथे पेन्सिलीची खूण करा, मधला इलेक्ट्रोड (लहर टिपणारा सेन्सर) तिथे. हे सगळं टोपी भिजत असताना उरकायचं.

स्पंजाच्या जाळीदार टोपीसाठी एक लिटर कोमट डिस्टिल्ड पाणी, दोन चमचे पोटॅशियम क्लोराइड आणि थोडा बेबी शाम्पू. मीठ वीज वाहून नेतं, शाम्पू त्वचेवरचा तेलकटपणा कापतो. टोपी पाचेक मिनिटं भिजवा आणि घालण्याआधी टॉवेलने टिपून घ्या. हे टिपणं घाईत राहतं, मग पाणी ओघळून दोन शेजारचे इलेक्ट्रोड एक होतात. पडद्यावर दोन चॅनलची लहर हुबेहूब सारखी दिसली तर समजा, पूल बांधला गेला. उलट तासाभरात स्पंज सुकतात, तेव्हा ड्रॉपर हाताशी ठेवा. या पद्धतीच्या ॲम्प्लिफायरला 50 किलोओहमपर्यंतचा रोध चालतो. जेलच्या टोप्यांना तो 5 ते 10 किलोओहमवर आणावा लागतो, त्यासाठी त्वचा घासावी लागते आणि बाळ तेवढा वेळ देत नाही.

टोपी घालायला दोघं लागतात. एकाने समोर बसून साबणाचे फुगे सोडायचे. दुसऱ्याने दोन्ही हात टोपीत घालून ती ताणायची आणि मागच्या बाजूने, एकाच हालचालीत, डोक्यावर उतरवायची. हनुवटीचा पट्टा सगळ्यात शेवटी. टाळू अजून भरलेली नसते, तिथले स्पंज दाबायचे नाहीत, बोटाने नुसते बसवायचे.

बिघाड बहुतेक वेळा बाळाच्या डोक्याबाहेरून येतो. मांडीवर घेऊन बसलेले आईवडील नकळत पाय हलवतात आणि नोंदीत 1-2 हर्ट्झची देखणी, तालबद्ध लहर उमटते. नवखा माणूस तिला डेल्टा, म्हणजे मेंदूची संथ लहर, समजून खूश होतो! चोखणी तोंडात असली की कानशिलाजवळच्या चॅनलवर स्नायूंचे झुपके दिसतात. म्हणून कॅमेरा हवाच, आणि त्याची वेळ ईईजीच्या वेळेशी जुळलेली हवी. पडद्याचंही तसंच. संगणकाने ‘चित्र आलं’ अशी खूण टाकली तरी चित्र प्रत्यक्षात काही मिलिसेकंद उशिरा उमटतं. पडद्याच्या कोपऱ्यावर फोटोडायोड (प्रकाश टिपणारा सेन्सर) लावून हा उशीर मोजा. तो ठरावीक 20 मिलिसेकंद असेल तर वजा करता येतो, दर ट्रायलला बदलत असेल तर सरासरीत लहरीचं टोक विरघळून जातं आणि नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ते परत आणत नाही.

विश्लेषणातली सगळ्यात महाग चूक म्हणजे मोठ्यांचे वारंवारितेचे पट्टे मुलांना लावणं. जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी 1929 मध्ये मोठ्यांची जी अल्फा लहर जगापुढे मांडली ती 10 हर्ट्झच्या आसपासची. डोक्यामागची हीच लय तीन-चार महिन्यांच्या बाळात 4 हर्ट्झच्या आसपास असते, वर्षाच्या मुलात 6, तिसऱ्या वर्षी 8, आणि दहाव्या वर्षाच्या सुमाराला 10. त्यामुळे बाळासाठी 6 ते 9 हर्ट्झचा पट्टा घेतात. 8 ते 12 घेतलात तर ‘अल्फा कमी’ असा निष्कर्ष निघेल, जो फक्त वयाचा परिणाम असेल. दुसरा सापळा सापेक्ष शक्तीचा, म्हणजे एकूण लहरींत एका पट्ट्याचा वाटा किती याचा: थीटा (अल्फाहून संथ लहर) घटली की अल्फा जागची न हलताही टक्केवारीत वाढलेली दिसते. मूळ आणि टक्केवारीतला, दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.

प्रतिसादांच्या वेळाही वेगळ्या. चेहरा पाहिल्यावर मोठ्यांत 170 मिलिसेकंदांना जो खड्डा पडतो, त्याच्या जागी बाळात 290 आणि 400 च्या आसपास दोन लहरी दिसतात. लक्ष वेधलं गेल्याची कपाळामागची ऋण लहर 400 ते 800 मिलिसेकंदांत येते. वेगळ्या स्वराला मोठ्यांत ऋण प्रतिसाद येतो, तान्ह्या बाळात तो पुष्कळदा धन असतो. मोठ्यांची वेळेची खिडकी लावून ‘प्रतिसादच नाही’ म्हणणं हे घड्याळ चुकीचं लावून गाडी चुकली म्हणण्यासारखं आहे.

काळजीने केलं तर यातून काय हाती लागतं ते रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये दिसलं. अनाथालयातल्या 136 मुलांपैकी निम्मी चिठ्ठी टाकल्यासारखी निवडून पालक-कुटुंबांत ठेवली गेली. संस्थेतल्या मुलांत सुरुवातीला थीटा जास्त, अल्फा कमी होती. आठव्या वर्षी, दोन वर्षांचं व्हायच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांची अल्फा घरात वाढलेल्या मुलांसारखी होती. हे समूहाचं चित्र आहे. एका मुलाच्या नोंदीवरून ‘हुशारी किती’ विचारणाऱ्या पालकांना स्पष्ट सांगावं की तो आकडा यात नाही.

आणि बाद झालेल्या मुलांचा कागद फेकू नका. टोपी शांतपणे घालून बसणारी मुलं आणि न बसणारी मुलं स्वभावानेच वेगळी असू शकतात, मग तुमचे निष्कर्ष फक्त शांत मुलांचे ठरतात. प्रत्येकापुढे वय, डोक्याचा घेर, नोंद किती मिनिटं चालली आणि ती का थांबली एवढं तरी लिहा: ‘3 मि. 40 से., टोपी ओढली.’