५ एप्रिलची नऊ मिनिटं

५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता, कोरोना लॉकडाऊनमध्ये पंतप्रधानांच्या आवाहनावरून, देशभरातल्या घरांनी नऊ मिनिटांसाठी दिवे घालवले, तेव्हा मी सह्याद्रीतल्या एका जलविद्युत केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्टवर होते. लोक अजूनही विचारतात, "खरंच ग्रिड पडणार होती का?" मला त्या रात्रीतली दुसरीच गोष्ट छळते.

ग्रिडमध्ये, म्हणजे विजेच्या देशभरच्या जाळ्यात, वीज वापरली जाते त्याच क्षणी तयार व्हावी लागते. हा मेळ बसतोय की नाही ते फ्रिक्वेन्सी सांगते: मागणी जास्त झाली की ती ५० हर्ट्झच्या खाली जाते, कमी झाली की वर. ५० हर्ट्झला औष्णिक केंद्रातलं जनित्र मिनिटाला ३००० फेरे घेतं, १६ पोलचं (चुंबकीय ध्रुवांचं) हायड्रो, म्हणजे पाण्यावरचं, मशीन ३७५. पण विजेच्या हिशेबात सगळी एकाच तालात. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रिडही उरलेल्या देशाशी सिंक झाली, म्हणजे त्याच तालात आली. तेव्हापासून केरळातलं मशीन आणि आमचं मशीन एकमेकांना सावरतात. एखादं जरा पुढे सरकलं की त्याच्यावर जास्त भार येतो आणि ते मागे खेचलं जातं. मागे पडलं की भार हलका होतो. ही ओढ एका मर्यादेपर्यंतच चालते. लाइनच्या दोन टोकांच्या तालात किती पुढेमागे आहे, तो कोन ९० अंशांपलीकडे गेला की ओढच कमी होऊ लागते आणि मशीन तालातून सुटतं. ३० जुलै २०१२ ला पहाटे २:३३ वाजता बीना–ग्वाल्हेर लाइन सुटली. लाइनवर भार जास्त होता, फॉल्ट (शॉर्टसर्किटसारखा बिघाड) नव्हता. लाइन आपोआप तोडणाऱ्या रिलेला तो फॉल्ट वाटला. पाठोपाठ सगळा उत्तर भारत अंधारात. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य, तिन्ही विभाग गेले. पश्चिम विभाग दोन्ही वेळा तगला.

म्हणून ५ एप्रिलला आम्ही गाफील नव्हतो. अंदाज होता की १२-१३ हजार मेगावॉट मागणी घटेल. योजना स्पष्ट होती: संध्याकाळभर पाणी राखायचं, पावणेनऊनंतर औष्णिक संच हळूहळू खाली आणताना हायड्रोने भार उचलायचा, आणि नऊच्या सुमारास फ्रिक्वेन्सी बघत हायड्रोने झपाट्याने उतरायचं. औष्णिक संचाला मिनिटाला जेमतेम टक्काभर हलता येतं. ते वजन पाण्यानेच पेलायचं होतं.

ब्रेकर, म्हणजे मशीनला ग्रिडशी जोडणारा मोठा स्विच, मात्र उघडायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. याचं कारण बाहेरच्याला चटकन कळत नाही. एकदा सुटलेलं मशीन परत घ्यायचं तर व्होल्टेज जुळवा, फ्रिक्वेन्सी जुळवा, मशीन आणि ग्रिडचा ताल जुळतोय का ते दाखवणाऱ्या सिंक्रोस्कोपचा काटा सावकाश फिरत घड्याळातल्या बाराच्या जागेजवळ येईपर्यंत थांबा. नऊ वाजून नऊ मिनिटांनी तेवढा वेळ कोण देणार? त्यामुळे जवळजवळ शून्य भारावर, पण तालात राहायचं.

आणि इथे फ्रान्सिस टर्बाइनचा स्वभाव आडवा येतो. भार निम्म्याच्या आसपास आला की टर्बाइनमधून पाणी बाहेर नेणाऱ्या ड्राफ्ट ट्यूबमध्ये पाण्याचा पिळा तयार होतो, धाडधाड आवाज येतो, पायाखालची फरशी थरथरते. त्याला आम्ही रफ झोन म्हणतो. तिथे मशीन रेंगाळू द्यायचं नसतं. चारही संच एकदम उतरवले असते तर चारही एकाच वेळी रफ झोनमधून गेले असते. मी आणि आमचे सर्वांत जुने ऑपरेटर अण्णा, आम्ही ठरवलं की एकेक मशीन झटकन खाली घ्यायचं, ते स्थिर झालं की पुढचं. अण्णा कानाला पॅनेलवरचा फोन आणि डोळे टर्बाइनचं पाणी कमी-जास्त करणाऱ्या गाईड व्हेनच्या काट्यावर ठेवून उभे होते. एलडीकडून, म्हणजे ग्रिडचा भार सांभाळणाऱ्या लोड डिस्पॅच केंद्राकडून, कोड यायचा, मी लॉगबुकात टिपायची, ते उतरवायचे. अशी माणसं कुठल्याच ट्रेनिंग सेंटरमध्ये तयार होत नाहीत, आणि निवृत्त होतात तेव्हा खात्याला काय गेलं ते कळत नाही.

८:४९ ला फ्रिक्वेन्सी ४९.७० पर्यंत खाली होती. ९:०८ ला ती ५०.२६ वर गेली. मशीनचा वेग सांभाळणारा गव्हर्नर ४ टक्के ड्रूपवर (फ्रिक्वेन्सी ४ टक्के वाढली तर सगळा भार काढायचा, या सेटिंगवर) ५० च्या वरच्या एवढ्या वाढीला स्वतःहून संचाच्या क्षमतेच्या १३ टक्के भार काढून घेतो, उरलेलं हातानेच. देशभरात पावणेनऊ ते नऊ-दहा या वेळात हायड्रो २५,५५९ मेगावॉटवरून ८,०१६ वर आलं. मला आजही त्याचा अभिमान आहे. 'काही झालं नाही, उगाच घाबरवलं' असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की काही होऊ नये यासाठी देशभर त्या रात्री माणसं पॅनेलसमोर उभी होती.

पण मागणी १२-१३ हजारांनी नाही, ३१,०८९ मेगावॉटनी घटली. जवळपास १ लाख १७ हजारांवरून ८५,७९९. छळतो तो हा फरक. लॉकडाऊनमुळे कारखाने बंद, म्हणजे घरांचा वाटा मोठा, हे खरं. तरी अंदाज दिव्यांचा होता आणि लोकांनी दिव्यांपुरतं ठेवलंच नाही. पंखे, टीव्ही, काहींनी थेट मेन स्विच. शेजारचं घर अंधारलं की आपलंही अंधारायचं.

आमची सगळी यंत्रणा उभी आहे ती लोक एकाच वेळी एकच गोष्ट करत नाहीत या भरवशावर. ट्रान्सफॉर्मर, फीडर, लाइन, सगळ्यांचं माप त्यावरून ठरतं. जनित्रं एका तालात हवीत आणि माणसं वेगवेगळ्या. उलटं झालं की ग्रिड धोक्यात. जपानी भौतिकशास्त्रज्ञ कुरामोतोने १९७५ मध्ये मांडलेल्या, आपापल्या गतीने फिरणाऱ्या घटकांच्या मॉडेलमध्ये त्यांची एकमेकांशी असलेली जोड एका पातळीपर्यंत वाढली तरी सगळे आपापल्या गतीने चालतात, आणि ती पातळी ओलांडली की ताल धरू लागतात. एम.टेक.ला ते मी जनित्रांसाठी शिकले. ते घरांनाही लागू पडेल असं तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

आता माहेरी गेले की हेच डोळ्यांसमोर दिसतं. शेतीच्या थ्री फेजची पाळी रात्रीची असली की जवळजवळ प्रत्येक पंपाला ऑटो स्विच. पुरवठा आला की त्या डीपीवरचे (शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरचे) सगळे पंप एकाच सेकंदाला चालू होतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपी जळते आणि ऐन हंगामात पिकं वाळतात. ऑफिसात बसून शेतकऱ्याला दोष देणं मला पटत नाही. रात्री दोनला बिबट्याच्या शिवारात बटण दाबायला कोण जाईल? पाळी आपण ठरवली, त्याने तिच्यावर उपाय काढला.

माझ्या भावाला मी त्याच्या स्टार्टरला उशिराने चालू होणारा टायमर लावायला सांगितलं. त्याच डीपीवरच्या शेजाऱ्यांनीही लावले, पण सगळ्यांनी दुकानदाराने सेट करून दिलेला तोच वेळ ठेवला. पुढच्या खेपेला मी स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन प्रत्येकाच्या पेटीपाशी जाणार आहे. कुणाला दोन मिनिटं, कुणाला पाच, कुणाला नऊ.