एक ओळ म्हणजे नक्की काय?

डेटाबेसच्या व्हायवाला (तोंडी परीक्षेला) सरांनी आमचा रिपोर्ट हातात घेतला, एकूण विक्रीचा आकडा पाहिला आणि विचारलं, "हा कुठून आणलात?" आम्ही तिघींनी एका सुरात सांगितलं, "क्वेरीतून." क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, पण आम्ही सांगितलं असं की जणू आकाशवाणीच.

आकडा होता ४,९१,५००. सरावासाठी मिळालेल्या डेटात खरी विक्री होती ४,८२,०००. हा ९,५०० चा फरक आदल्या रात्री आमच्याही लक्षात आला होता. "राउंडिंगचा असेल," असं म्हणून आम्ही झोपलो होतो. (राउंडिंगमुळे साडेनऊ हजार! आता लिहितानाही लाज वाटते.)

सरांनी एकच ऑर्डर उघडायला लावली. क्रमांक १०४७, रक्कम ९,०००, पैसे तीन हप्त्यांत आलेले. आम्ही ऑर्डरचं टेबल पेमेंटच्या टेबलाला जोडलं होतं, त्यामुळे ही ऑर्डर निकालात तीनदा उगवली होती आणि बेरजेत ९,००० च्या जागी २७,००० धरले गेले होते. मग एकूण फरक एवढासाच कसा? कारण ज्या ऑर्डरींचा एक पैसाही आला नव्हता, त्यांना पेमेंटच्या टेबलात जोडीदारच नव्हता. इनर जॉइननं (दोन्ही टेबलांत जोडी सापडेल तेवढंच ठेवणाऱ्या जोडणीनं) त्या गुपचूप गाळल्या होत्या. हप्त्यांमुळे आकडा ८६,५०० नं फुगला होता, उधारीमुळे ७७,००० नं घटला होता. दोन घोडचुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या आणि आम्हाला वाटत होतं, बरंचसं जमलंय.

"या निकालातली एक ओळ म्हणजे काय?" सरांनी विचारलं.

"ऑर्डर," मी म्हटलं.

"परत बघ."

ओळ पेमेंटची होती. त्यावर ऑर्डरची रक्कम चिकटवलेली होती, एवढंच.

मॅनेजमेंटच्या डिग्रीला माहिती प्रणाली हा विशेष विषय घेतला, तेव्हा माझी कल्पना अशी होती की थोडं कॉम्प्युटर, थोडं मार्केटिंग, आणि शेवटी एक बरी नोकरी. एमआयएसच्या (व्यवस्थापन माहिती प्रणालीच्या) पेपरात तो पिरॅमिड काढायचा (खाली रोजचे व्यवहार, मध्ये नियंत्रण, टोकाला धोरण), बाण दाखवायचे, मार्क घ्यायचे. तो पिरॅमिड मी पाच वेळा तरी काढला असेन. उपयोगी पडला एकदाही नाही. सरांचा तो प्रश्न मात्र त्यानंतर प्रत्येक विषयात भेटत गेला.

दुसऱ्या वर्षी आमचं वेळापत्रक मोठं गमतीचं होतं. सकाळी अकाउंट्सच्या मॅडम सांगायच्या, प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहा, एकदा नावे, एकदा जमा. दुपारी डेटाबेसच्या तासाला ताकीद मिळायची की एकच गोष्ट दोनदा लिहिलीत तर खबरदार. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धत लुका पाचोलीनं १४९४ मध्ये छापून जगापुढे मांडली, आणि एडगर कॉडनं १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडता येणाऱ्या टेबलांत ठेवायची पद्धत, मांडलं. मला वाटायचं, हे दोघं समोरासमोर आले असते तर जुंपलीच असती.

हा गुंता सुटायला मला जवळजवळ एक सेमिस्टर लागलं. उधारीवर माल विकला की ग्राहकाच्या खात्याला नावे आणि विक्री खात्याला जमा. या दोन ओळी म्हणजे एकाच गोष्टीच्या दोन प्रती नाहीत. पैसे कोणाकडून यायचे आहेत हे एक सांगते, कशाचे यायचे आहेत हे दुसरी. वेगवेगळ्या गोष्टी सांगतात म्हणून तर त्या एकमेकींवर पहारा ठेवू शकतात, आणि तेरीज (नावे आणि जमा यांच्या बेरजांचा ताळा) जुळली नाही की आपण चूक शोधायला बसतो. याउलट ग्राहकाचा पत्ता बारा बिलांच्या बारा ओळींत लिहून ठेवला, तर तो बारा वेळा तोच पत्ता. ग्राहकानं घर बदललं, अकरा ठिकाणी दुरुस्ती झाली, एक राहून गेली. आता खरा कुठला? नॉर्मलायझेशनची (एक गोष्ट एकाच ठिकाणी ठेवण्याची) सगळी कटकट यासाठी.

हे समजलं आणि मी लगेच डोक्यावर बसवून घेतलं. पुढच्याच असाइनमेंटमध्ये बिलांच्या टेबलातून पत्ते सरसकट उडवले आणि मार्क घालवले. कारण जुन्या बिलावर त्या दिवशीचा पत्ता राहायलाच हवा. "ग्राहक आज कुठे राहतो" आणि "तेव्हा माल कुठे पाठवला" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अक्षरं तीच असली तरी. हे कॉम्प्युटरला कळायचा काही मार्ग नाही. धंदा समजलेल्या माणसालाच ते सांगावं लागतं. हा विषय व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना कशाला, असं कोणी विचारलं की मी हेच बिल पुढे करते.

कॉडचीच गोष्ट घ्या. तो आयबीएमचा माणूस. पण कंपनीचा आयएमएस नावाचा आधीच्या पद्धतीचा डेटाबेस बाजारात चांगला चालत होता, आपल्याच मालाला आपणच स्पर्धा कशाला उभी करायची, म्हणून नव्या कल्पनेची घाई कोणी केली नाही. आज जिला आपण ओरॅकल म्हणतो त्या कंपनीनं १९७९ मध्ये रिलेशनल डेटाबेस विकायला काढला, आयबीएमचा १९८१ मध्ये आला. कॉडला संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला तोही १९८१ मध्येच. स्ट्रॅटेजीच्या पेपरात मी हे उदाहरण दोनदा वापरलंय, दोन्ही वेळा चाललं.

आणि एक्सेल. एक्सेलला नाक मुरडणारे आमच्या वर्गात बरेच होते, मी त्यांच्यात नाही. पहिलं गाजलेलं स्प्रेडशीट, व्हिजिकॅल्क, १९७९ मध्ये आलं. त्याची कल्पना डॅन ब्रिकलिनला सुचली ती हार्वर्डला बिझनेस शिकताना, म्हणजे तोही आमच्याच जातकुळीतला. पण २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण आठवडाभर आकडेवारीतून निसटले, कारण माहिती जुन्या एक्सेल फाइलमध्ये भरली जात होती आणि तिच्या एका शीटमध्ये ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. ६५,५३६ हा आकडा काही लहान वाटत नाही. पण तिथे एकेका चाचणीच्या निकालाला अनेक ओळी लागत होत्या. बातमी वाचली तेव्हा मला व्हायवा आठवला.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला आम्ही कॉलेजची लायब्ररी घेतली. सोपी वाटली म्हणून, खोटं कशाला बोला. पहिल्याच दिवशी मी ग्रंथपाल मॅडमना विचारलं, "एकूण पुस्तकं किती?" त्यांनी कपाटातून एकाच पुस्तकाच्या दोन प्रती काढून टेबलावर ठेवल्या. "हे एक की दोन?" म्हणजे पुस्तक वेगळं, प्रत वेगळी, आणि प्रत कोणी कधी नेली ती नोंद आणखी वेगळी. तीन टेबलं झाली. आम्ही खूश.

दोन आठवड्यांत सिस्टिम उभी राहिली, आणि उशीर झालेल्या सगळ्यांना तिनं आपणहून दंड लावला. तिसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावून घेतलं. पुढ्यात जुनं रजिस्टर उघडं होतं. काही नावांच्या डावीकडे, समासात, पेन्सिलनं बारीक टिंब दिलेलं. मी ते रजिस्टर आधी किमान तीनदा चाळलं होतं. टिंबं दिसलीही होती. मला वाटलं, पेन्सिल टेकली असेल.

"तोंडी सांगून गेलेत ते," मॅडम म्हणाल्या. "परीक्षा होईपर्यंत ठेवू दे म्हणून. यांना दंड नसतो."

"हे आम्हाला सांगितलं नाहीत, मॅडम."

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही कॉलम विचारलेत. समास कोण विचारतं?"

मैत्रिणीचं म्हणणं, रीतसर "मुदतवाढ" असा कॉलम करू, तारीख आणि कारण सक्तीचं ठेवू. मी म्हटलं, कारण सक्तीचं केलं तर मॅडम पुन्हा रजिस्टर काढतील. बरीच वादावादी होऊन "शेरा" नावाचा एक मोकळा रकाना ठेवला. त्यात काहीही लिहिलं असलं की दंड नाही, असा साधा नियम घातला.

महिन्याभरानं सबमिशनसाठी डेटा काढला. शेऱ्याच्या कॉलमात २२ नोंदी होत्या. तीन ठिकाणी शब्द होते, उरलेल्या १९ ठिकाणी नुसतं टिंब.

"हा कचरा साफ करू ना?" मैत्रिणीनं विचारलं. तिचा हात कीबोर्डवर होता.

तो मी आधी बाजूला केला.